चारशे ग्रॅमची अफवा

टोके गेको हा पालीच्या जातकुळीतला, प्रामुख्याने आग्नेय आशियात आढळणारा प्राणी. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके, रात्री 'टो-के' असा खणखणीत आवाज आणि घरांच्या भिंतींवर किडे टिपत फिरण्याची सवय. २००९-१० च्या सुमारास इंटरनेटवर याच्याबद्दल एक बातमी पसरू लागली. याच्या अंगात एड्सवरचं औषध आहे, आणि चारशे ग्रॅमच्या वर भरणारा गेको कुणी आणून दिला तर त्याला अफाट किंमत मिळते.

या अफवेची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. चारशे ग्रॅमचा गेको जवळजवळ कुणालाच सापडत नाही. सर्वसाधारण प्रौढ गेको त्या वजनाच्या आसपासही जात नाही. त्यामुळे 'मी विकायला नेला, पण घेणारा कुणी नव्हताच' असं सांगणारा साक्षीदार तयारच होत नाही. ज्याला त्याला वाटतं, माझाच हलका भरला. वजनाची ती अटच अफवेचं रक्षण करत राहते. आणि हलका भरलेला गेको परत भिंतीवर जाईल याची हमी नव्हती, कारण वाळवलेल्या गेकोंचा औषधी व्यापार आधीपासून होताच. २०११ मध्ये फिलिपीन्सच्या आरोग्य खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला की गेकोने एड्स बरा होत नाही. २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या प्राण्याचा समावेश झाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना सक्तीचा झाला.

वन्यजीवांविषयीच्या खोट्या माहितीची चर्चा बहुधा 'हे किती खोटं आहे' इथेच अडकते. मला तो प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही. संकट आलं की शहामृग वाळूत डोकं खुपसतो, हे साफ खोटं आहे. पण त्यापायी कुणी शहामृगावर बंदूक उचलत नाही. उलट गेकोच्या बातमीत प्राणी खरा, जागा खरी, व्यापार खरा. खोटं होतं ते एवढंसं, पण त्याच्यावर माणसाचा हात भिंतीकडे जाणार की नाही हे ठरत होतं. म्हणून विचारायचं ते हे: ही माहिती खरी मानली तर उद्या सकाळी कोण काय करेल? जाळं लावेल, विष घालेल, पिंजरा मागेल, कायदा सैल करेल, की नुसताच हसून पुढे पाठवेल?

बाजारातली अफवा या कसोटीवर सगळ्यात वर येते. गेंड्याचं शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचं. ते कर्करोगावर चालतं, आणि एका बड्या पुढाऱ्याला त्याने गुण आला, अशी वदंता व्हिएतनाममध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात पसरली. तो पुढारी कोण, हे कधी सिद्ध झालं नाही. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली १३ गेंडे शिकारीत मारले गेले होते; २०१४ साली १,२१५. हा सगळा आकडा एका वदंतेच्या नावावर टाकणं मात्र चूक ठरेल. वाढता पैसा, शिंग भेट देण्यातली प्रतिष्ठा, संघटित टोळ्या हे सगळं त्यात आहे. वदंतेने काय केलं, तर आधीच तापलेल्या मागणीला 'औषध' हे कारण दिलं, आणि चैनीची वस्तू सोडून देणारा माणूस औषध सहसा सोडत नाही. शार्कबाबतही तेच. शार्कला कर्करोग होत नाही, हा समज १९९०च्या दशकात त्यांच्या कूर्चेच्या गोळ्या विकायला पुरेसा ठरला. शार्कला गाठी होतात याच्या नोंदी आहेत, आणि कूर्चेच्या अर्काची फुप्फुसाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली तेव्हा रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण निष्कर्ष यायला २००७ उजाडलं होतं.

मांडूळ या बिनविषारी सापाची गोष्ट गेकोच्याच साच्यातली. शेपूट बोथट, डोक्यासारखी दिसणारी. धोका वाटला की तो खरं डोकं वेटोळ्यात दडवतो आणि शेपूट पुढे करतो. भक्षकाला फसवण्याची ही युक्ती माणसालाही फसवते आणि साप 'दुतोंड्या' होतो. मग गुप्तधन, मग दैवी शक्ती, आणि पुन्हा वजनाची अट: जितका जड तितका मोलाचा. वजन वाढवायला त्याला बळेच काहीबाही भरवणं, शेपटीला डाग देऊन तिथे 'दुसरं तोंड' उमटवणं असे प्रकार नोंदले गेले आहेत. अशा सापाची सुटका झाली तरी प्रश्न संपत नाही. तो मूळचा कुठला हे कळत नाही, त्यामुळे सोडायचा कुठे हे ठरत नाही. भलत्या जागी सोडला तर जगेल याची खात्री नाही, आणि तिथल्या सापांना रोग देण्याचा धोका वेगळाच.

काही खोट्या माहितीत एकही शब्द नसतो. २००९ मध्ये स्लो लोरिस या झाडांवर राहणाऱ्या छोट्या प्राण्याचा, घरात पाळलेल्या एकाचा, व्हिडिओ जगभर पाहिला गेला. काखेत गुदगुल्या केल्या की तो दोन्ही हात वर करतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, किती लाडात आलाय. प्रत्यक्षात स्लो लोरिस हा विषारी चावा असलेल्या अगदी मोजक्या सस्तन प्राण्यांपैकी एक. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. हात वर करणं म्हणजे त्या ग्रंथीपर्यंत तोंड नेण्याची तयारी. तो हसत नव्हता, बचावाच्या पवित्र्यात होता. शिवाय प्राणी निशाचर, आणि खोलीत लख्ख उजेड. २००७ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात असलेल्या, म्हणजे ज्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंदच आहे अशा प्राण्याबद्दल 'मला असा एक हवा' अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. बाजारात आणलेल्या लोरिसचे दात भूल न देता तोडतात. त्याने जखम चिघळते आणि पुष्कळ प्राणी तिथेच मरतात. जो वाचतो तो जंगलात परत जाऊ शकत नाही, कारण झाडाची साल खरवडून डिंक खाणं हा त्याच्या जगण्याचा मोठा भाग आणि ते काम दातांचंच. म्हणून असा व्हिडिओ 'बघा किती वाईट' असं लिहूनसुद्धा पुढे पाठवू नये. समाजमाध्यमांची यंत्रणा फक्त पाहणाऱ्यांची संख्या मोजते, तुमचा सूर मोजत नाही.

भीतीची माहिती आणखी वेगळं काम करते, आणि तिथे सगळ्यात कमी बोललं गेलेलं उदाहरण युगांडातलं आहे. किटाका नावाच्या खाणीत २००७ मध्ये काही कामगारांना मारबर्ग या जीवघेणा ताप आणणाऱ्या विषाणूची लागण झाली. खाणीत इजिप्शियन फळवटवाघळांची प्रचंड वसाहत होती आणि विषाणू त्यांच्यात होता. म्हणजे माहिती खरी होती. खोटा होता तो त्यातून काढलेला निष्कर्ष: वटवाघळं मारली की रोग जाईल. २००८ मध्ये खाणीतली वसाहत संपवण्यात आली, तोंडं जाळ्यांनी बंद केली गेली. २०१२ मध्ये त्याच भागात मारबर्गची साथ आली, देशातली तोवरची सगळ्यात मोठी. संशोधक परत गेले तेव्हा खाणीत वटवाघळं आली होती, आधीच्या तुलनेत अगदी थोडी. पण संसर्ग असलेल्यांचं प्रमाण आधी ५.१ टक्के होतं, ते आता १३.३ टक्के झालेलं होतं.

असं का व्हावं? जुन्या वसाहतीत बरीच वटवाघळं संसर्ग होऊन गेलेली, प्रतिकारशक्ती असलेली असतात. ती मारून टाकली की जागा रिकामी होते, आणि तिथे बाहेरून नवी येतात. त्यात ज्यांना हा विषाणू कधी भेटलेलाच नाही अशी तरुण वटवाघळं जास्त असली, तर विषाणूला कोरं रान मिळतं. वटवाघळं मारून रोग घालवणं हे त्यामुळे नुसतं क्रूर नाही, तर बहुधा उलटं काम करणारं आहे. तरीही २०२० च्या मार्चमध्ये पेरूत कोविडच्या भीतीने लोक मशाली घेऊन वटवाघळांच्या गुहेवर गेले आणि वन्यजीव खात्याने सुमारे २०० वटवाघळं वाचवून दुसरीकडे नेली. याच काळात इंडोनेशियातल्या सोलो शहरात प्रशासनानेच बाजारातली वटवाघळं मारली. त्या वटवाघळांमुळे कुणाला कोविड झाल्याचा काही पुरावा नव्हता.

ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ दरम्यान पीतज्वराची मोठी साथ आली आणि लोकांनी माकडं मारायला सुरुवात केली. हा रोग माकडाकडून माणसाला थेट होत नाही. डास चावल्याने होतो. त्यातही हाउलर माकडं या विषाणूला इतकी हळवी की ती माणसांच्या आधी मरतात. जंगलात मेलेलं हाउलर दिसलं की आरोग्य खात्याने यकृताचा नमुना घ्यायचा, विषाणू सापडला की त्या भागात लसीकरण करायचं, अशी ती व्यवस्था. लोक काठ्यांनी आणि विषाने माकडं मारू लागले तेव्हा दोन गोष्टी बिघडल्या. इशारा देणारी माकडंच कमी झाली, आणि जी मेलेली सापडली त्यातली कुठली तापाने गेली व कुठली माणसाने मारली हे आधी वेगळं काढावं लागलं. अफवेने माकडांचा जीव घेतलाच, शिवाय ती पसरवणाऱ्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत लस पोचायला उशीर होण्याची सोय करून ठेवली.

आता कारण फिरवण्याचा प्रकार. मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला व्हाकिटा नावाचा छोटा सागरी सस्तन प्राणी राहतो, जगात आणखी कुठेही नाही. १९९७ च्या सर्वेक्षणात अंदाज ५६७ होता, २०२३ मध्ये दहाच्या आसपास. तो गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या लावलेल्या जाळ्यांत, अडकून बुडतो. ही जाळी कोळंबीसाठी लावतात, आणि टोटोआबा या माशासाठी चोरून, कारण त्याच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, काळ्या बाजारात मोठी मागणी आहे. पण वर्षानुवर्षं एक दुसरं कारण सांगितलं गेलं: कोलोरॅडो नदीवर धरणं झाली, आखातात गोडं पाणी येईना, म्हणून व्हाकिटा संपतोय. नदीचं पाणी आटलं हे खरंच आहे, म्हणून हे पटतं. मात्र तपासलेली मृत व्हाकिटांची शरीरं उपाशी प्राण्यांची नव्हती, आणि उरलेल्या थोडक्या माद्यांसोबत पिल्लंही दिसत राहिली. या चुकीच्या कारणाची सोय अशी की नदीचं पाणी परत आणणं कुणाच्याच हातात नाही, त्यामुळे कुणीच काही करायला नको. जाळी मात्र उद्या बंद करता येतात आणि त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. पर्यायी कारण कुणी पुढे केलं की ते मानल्यावर कुणाची सुटका होते, हे आधी बघावं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेलेल्या कुबड्या देवमाशांचं खापर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर फोडलं जातं तेव्हाही हेच लागू. तिथे वाढीव मृत्यूंची नोंद जानेवारी २०१६ पासून आहे, आणि तपासता आलेल्या शरीरांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या.

इथवर वाचून संवर्धनाच्या बाजूच्या लोकांना बरं वाटत असेल. आता आपल्या घरचं. २०१८ मध्ये जगभर मथळे झळकले: १९७० पासून माणसाने ६० टक्के प्राणी संपवले. हे मथळे ज्यावरून आले तो 'लिव्हिंग प्लॅनेट' निर्देशांक असं म्हणतच नव्हता. तो नजरेखाली असलेल्या हजारो प्राणिसमूहांतल्या घटीची सरासरी सांगतो, प्राण्यांच्या एकूण संख्येची घट नाही. फरक केवढा पडतो ते बघा. समजा दोन समूह आहेत. एकात १० प्राणी होते, १ उरला. दुसऱ्यात १,००० होते, ९०० उरले. पहिला ०.१ वर आला, दुसरा ०.९ वर, या निर्देशांकात वापरतात ती गुणोत्तरीय सरासरी (इथे दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) काढली तर ०.३ येते, म्हणजे ७० टक्के घट. प्रत्यक्षात १,०१० पैकी १०९ प्राणी गेले, जेमतेम ११ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही गंभीर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला समूह नामशेष होण्याच्या कडेला आहे हे ७० टक्क्यांत दिसतं, ११ मध्ये लपतं. चुकीचा मथळा पकडला गेला की मात्र विरोधकाला निर्देशांकच खोटा म्हणायची संधी मिळते, आणि तो ती सोडत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये अॅमेझॉनच्या वणव्यांवेळी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी एक छायाचित्र टाकलं. ते टिपणारा छायाचित्रकार २००३ मध्येच वारलेला होता. वणवे खरे होते. वाद मात्र छायाचित्रावर रंगला. ७ फेब्रुवारी २०२० ला चीनमधल्या एका विद्यापीठाने जाहीर केलं की खवले मांजरातला विषाणू कोविडच्या विषाणूशी ९९ टक्के जुळतो. नंतर कळलं की ते साम्य विषाणूच्या एका छोट्या, पेशीला चिकटणाऱ्या भागापुरतं होतं; संपूर्ण जनुकसंचाचं साम्य ९० टक्क्यांच्या आसपास. जगात सगळ्यात जास्त तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्यावर ही चूक बसली. खवले मांजराला रोगाचं मूळ ठरवल्याने त्याचा व्यापार थांबेल, असं काहींना वाटलं. मला हा हिशेब कधीच पटला नाही. भीतीने वाचवलेला प्राणी भीतीनेच मारला जातो, वटवाघळांकडे बघा.

आणि कागदावरचे वाघ. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात अधिकृत मोजणीत वाघ दाखवले जात होते. २००५ मध्ये तिथे एकही नाही हे मान्य करावं लागलं. मोजणी पंजाच्या ठशांवरून होत असे. एकाच वाघाचा ठसा चिखलात मोठा पसरतो, कोरड्या धुळीत आटोपशीर उमटतो, चालताना वेगळा आणि धावताना वेगळा. मोजणारा प्रामाणिक असला तरी एकाचे दोन होतात, आणि आकडा खाली आल्याचं सांगणाऱ्याचं कौतुक होत नाही. त्यानंतर देशाने कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणारा कॅमेरा, आणि संख्याशास्त्रीय नमुना पद्धत स्वीकारली, जिथे अंगावरच्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. वाघाच्या दोन बाजूंचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा लावावा लागतो. एकाच बाजूला लावला की पुन्हा एकाचे दोन.

मग समोर आलेली बातमी तपासायची कशी? 'वस्तीत बिबट्या' या नेहमीच्या संदेशाने सुरुवात करू. ठसा असेल तर तो बरंच सांगतो. मांजरकुळातल्या प्राण्याच्या ठशात चार बोटं दिसतात, नखं सहसा उमटत नाहीत, आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन गोलवे असतात. कुत्रा आणि तरस यांची नखं उमटतात. ठशाचं छायाचित्र बरोबर वरून घ्यावं, तिरकं नाही. शेजारी मोजपट्टी ठेवावी. सकाळ-संध्याकाळच्या कलत्या उजेडात कडा स्पष्ट येतात. एकच ठसा पुरत नाही, ओळीने तीन-चार घ्यावेत. मऊ चिखलातल्या ठशावरून आकाराचा अंदाज बांधू नये, तो नेहमी मोठाच दिसतो.

छायाचित्र किंवा व्हिडिओ असेल तर त्यातले तीन-चार वेगवेगळे क्षण गोठवून प्रतिमा-शोध घ्यावा, आणि काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा घ्यावा. चोरलेली चित्रं आरशातल्यासारखी फिरवून टाकण्याची युक्ती जुनी आहे. सापडलेल्यांतलं सर्वांत जुनं बघायचं, सर्वांत जास्त पसरलेलं नाही. मग प्राणी त्या खंडातला तरी आहे का? अंगावरच्या फुलासारख्या काळ्या वर्तुळांच्या आत ठिपके असतील तर तो बहुधा जॅग्वार, आणि तो अमेरिका खंड सोडून कुठेही रानात नाही. यंत्राने (एआयने) बनवलेली चित्रं ओळखण्यासाठी बोटं मोजा, सावल्या बघा असं सांगतात. मी त्यावर फार विसंबणार नाही, कारण त्या खुणा दर काही महिन्यांनी नाहीशा होत चालल्या आहेत. त्यापेक्षा मूळ फाइल मागावी, दुसऱ्या कोनातून कुणी टिपलंय का विचारावं, आणि जागेवर जाऊन भिंत, खांब, झाड जुळतंय का बघावं. प्राणी बनवता येतो, तो जिथे उभा होता ती ओली माती नंतर बनवता येत नाही.

खुलासा लिहिण्याचंही तंत्र आहे आणि बहुतेक खुलासे तिथेच फसतात. मथळ्यात अफवा छापायची आणि पुढे 'हे खोटं' जोडायचं, ही नेहमीची पद्धत. वाचणाऱ्याच्या लक्षात मथळा राहतो. आधी खरं काय ते एका वाक्यात. मग अफवेचा उल्लेख एकदाच, आणि तो येण्याआधी 'पुढचं चुकीचं आहे' ही सूचना. मग ती का पटते हे, कारण ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं. मांडुळाबद्दल लिहायचं तर शेपूट डोक्यासारखी का दिसते हे समजावल्याशिवाय 'अंधश्रद्धा' एवढंच म्हणून काही हलत नाही. शेवटी पुन्हा खरं, आणि आता काय करायचं ते. काळ्या बाजारातल्या किमतीचा आकडा खुलाशात कधीच देऊ नये. दहा जणांना तो खुलासा वाटतो, अकराव्याला जाहिरात. जप्तीच्या बातम्यांत 'कोट्यवधींचा ऐवज' लिहिण्याची हौस याच कारणाने घातक.

उरतो एक अवघड प्रकार: संपूर्ण खरी माहिती, जी अफवेसारखंच काम करते. चीनमधल्या गुहांजवळ राहणाऱ्या गोनियुरोसॉरस लुई या पालीच्या जातीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. नियमाप्रमाणे त्यात नमुना मिळाल्याचं ठिकाण होतं. पाळण्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्यांनी तो निबंध वाचला, आणि काही वर्षांत त्या ठिकाणची जात संपली. २०१५ मध्ये याच गटातल्या दोन नव्या जातींचं वर्णन करताना लेखकांनी ठिकाण छापलंच नाही. अधिकृत यंत्रणांना ते विचारून मिळेल अशी तरतूद ठेवली. दुर्मीळ प्राण्याची नोंद टाकणाऱ्या कुणालाही हे सहज करता येतं. अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत दिले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते, म्हणजे नेमकं बीळ. एकाच स्थळापर्यंत दिले तर ११ किलोमीटर, आणि त्या जातीचा विस्तार अभ्यासणाऱ्याला तेवढं बहुतेक वेळा चालतं. फोनमधून टाकलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये मात्र पहिला प्रकार बऱ्याचदा आपोआप दडलेला असतो, तो आधी काढून टाकावा लागतो.